कूलर सासरी जायचा तेव्हा

आमच्या कारखान्यात नवा कूलर तयार झाला की तो आधी सासरी जायचा. हा शब्द माझा नाही, शांताबाईचा. शांताबाई जोडणीच्या ओळीवर पंखे बसवायची, राहायला हर्सूलला होती, आणि तिच्या बोलण्याला मालकसुद्धा जरा दबून असायचे.

मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कूलरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली. त्यातली बहुतेक नमुना विभागात. नमुना विभाग म्हणजे काय, हे माझ्या सोयगावच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांना वाटायचं मी कूलर दुरुस्त करतो, थोरल्या चुलत्यांना वाटायचं मी ते विकतो. लग्नसराईत दोघंही हक्कानं कूलर मागायचे आणि मी नाही म्हटलं की पोरगं शहरात जाऊन बदललं म्हणायचे. खरं तर काम सोपं आहे सांगायला. बाजारात जायच्या आधी वस्तूचा पहिला नग ज्या खोलीत तयार होतो, बिघडतो आणि पुन्हा तयार होतो, ती खोली म्हणजे नमुना विभाग. त्या खोलीचा मी साहेब. हाताखाली एक फिटर, एक लेथ, आणि डिप्लोमाची बरीचशी घमेंड.

सासरची पद्धत मालकांनी सुरू केली. मालक पूर्वी क्रांती चौकाजवळ पंख्यांचं दुकान चालवायचे. वस्तू परत आणणारं गिऱ्हाईक काय काय बोलतं, हे त्यांनी काउंटरमागं उभं राहून वर्षानुवर्षं ऐकून घेतलं होतं. कारखाना काढल्यावर ते म्हणाले, "जे दुकानात ऐकावं लागतं ते इथंच ऐकून घेऊ." म्हणून नियम असा केला की नवा नमुना दहा दिवस कुणातरी कामगाराच्या घरी राहायचा. घर चिठ्ठी टाकून ठरायचं. चिठ्ठ्यांत इंजिनियरांची नावं नसायची. दहा दिवसांनी, शनिवारी, कँटीनमध्ये सगळे जमायचे, ज्याच्या घरी कूलर राहिला त्याच्या हातात चहाचा ग्लास द्यायचा, आणि त्यानं कूलरच्या खोड्या सांगायच्या. तो ग्लास संपेपर्यंत साहेबानं तोंड उघडायचं नाही. समर्थन नाही, खुलासा नाही, काही नाही. नुसतं ऐकायचं.

सुरुवातीला मला हा नियम म्हणजे जाहीर अपमान वाटायचा. काही कामगार चहा फुंकर मारमारून पंधरा मिनिटं पुरवायचे. शांताबाई तर ग्लास हातात धरून बोलायची आणि तो ओठाला लावायचंच विसरायची.

एके वर्षी उन्हाळ्यापूर्वी मी एक मोठा कूलर केला होता. मला त्याचा फार अभिमान होता. चाचणीच्या खोलीत त्याच्यासमोर स्वेटर घालून बसावं लागेल अशी हवा यायची. चिठ्ठी शांताबाईची निघाली. दहा दिवसांनी ती कँटीनमध्ये उभी राहिली.

"हवा लई गार हाय सायेब, त्यात काय खोट नाय," ती म्हणाली. मी खूश झालो. "पर ह्यो पाणी पितो का ढोसतो? आमच्याकडं नळ आठवड्यात दोनदा येतो. त्या पाण्यात म्या सात माणसं जगविते. ह्यानं एका दिसात पाच कळशा वढल्या. म्या दोन दिस तुमच्या कूलरला पाजलं अन् पोरांच्या आंघोळी बंद केल्या. तिसऱ्या दिशी सासूबाई म्हणल्या, त्याला बाहेर काढ नायतर मला काढ."

कँटीन हसून लोटपोट झालं. मी मात्र गार पडलो, आणि तेही कूलरशिवाय. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांआड येतं हा रोजच्या बोलण्यातला विषय. माझ्या स्वतःच्या घरी बायको पिंप भरायला पहाटे उठायची. पण माझ्या चाचणीच्या खोलीला बोअरची पाइपलाइन होती. मी हवा मोजली, वीज मोजली, आवाज मोजला. पाणी मी कधी मोजलंच नव्हतं.

शांताबाईनं दोष सांगितला आणि त्यावरचा तिचा उपायही सांगितला. "म्या मग पंपाची वायरच उपसून ठिवली. गवत वलं हाय तोवर पंखा गारच हवा देतो की. सुकलं की वायर खुपसायची. पर लई येळ टिकत नाय बगा. घटकाभरात वरून गरम झळ येती."

ओल्या हातानं ती चालू विजेची वायर उपसत होती. पंपाला वेगळं बटण त्याच आठवड्यात बसलं. मुद्दा राहिला तो गवताचा.

कूलर म्हणजे पत्र्याचा डबा, पुढं पंखा, आणि बाकीच्या तीन बाजूंना जाळीच्या दोन पदरांत भरलेलं गवत. बाजारात त्याला गवत म्हणतात, प्रत्यक्षात तो मऊ लाकडाचा किसून काढलेला धागा असतो. वरच्या पन्हळीतून पाणी त्याच्यावर ठिबकतं, पंखा बाहेरची हवा त्या ओल्या गवतातून ओढतो, आणि हवा गार होते. एवढीच सगळी विद्या. अडचण ही की गवत ओलं झालं की जड होऊन खाली बसतं. वर चार बोटं मोकळी जागा पडते. हवा तुमच्या-आमच्यासारखीच आळशी, सोपी वाट दिसली की तिथूनच घुसते. वरच्या फटीतून कोरडी झळ आत, खाली गवताचा चिखल, आणि आपण पंप चालू ठेवून कळशीमागून कळशी ओततो. गवत बसलं नाही तर पंप बराच वेळ बंद ठेवता येईल, हे मला कळत होतं. ते बसू कसं द्यायचं नाही, हे कळत नव्हतं. मी जाळी जाड करून पाहिली, तारा घातल्या, खिळे ठोकले. गवत बसायचं ते बसलंच.

याच दिवसांत रफीकभाई माझ्या खोलीत आला. तो चौदा वर्षं माल पाठवण्याच्या विभागात होता, ट्रकमध्ये कूलर चढवायचा. एकदा फळीवरून उतरताना त्याच्या कमरेत अशी कळ आली की त्याला उचलून न्यावं लागलं. डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी केली. त्या विभागाचे प्रमुख मालकांना म्हणाले, वजन न उचलणारा हमाल मी कुठं ठेवू? मालकांनी मला बोलावलं.

"एक उन्हाळा तुझ्याकडं ठेव," ते म्हणाले. "काही काम निघालं तर राहील. नाही निघालं तर मलाही इलाज नाही."

रफीकभाई दाराशीच उभा होता. त्यानं हे ऐकलं. पन्नाशीला आलेला माणूस, घरात तीन मुली, आणि हातात एक उन्हाळा. मी मात्र कपाळाला आठी घालून त्याला आत घेतलं. एक स्टूल दिलं, डब्यांवर लेबलं चिकटवायला दिली आणि माझ्या गवताकडं वळलो.

तीन दिवस तो लेबलं चिकटवत माझी तारांची सर्कस बघत होता. चौथ्या दिवशी म्हणाला, "साहब, एक बात बोलूँ? नाराज नक्को होना."

"बोला."

"आपने गादी भर दी, पन टाकेच नहीं मारे. बिना टाके की गादी खूँटी पे लटकाओ तो रुई किधर जाएँगी? नीचेच जाएँगी ना."

रफीकभाईचे वडील जुन्या शहरात गाद्या भरायचे. लहानपणी तोही कापूस पिंजायला, टाके घालायला बसायचा. पुढं फोमच्या गाद्या आल्या, धंदा बसला, आणि तो ट्रक भरायला लागला. चौदा वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तुला आणखी काय येतं? मीही विचारलं नव्हतं. आमच्या टाइम ऑफिसच्या कार्डावर त्याच्या नावापुढं "हमाल" एवढंच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो घरून वीतभर लांब सुया घेऊन आला. जाळीच्या दोन पदरांत गवत भरलं, आणि आरपार टाके घालत त्यानं त्याचे लहान लहान कप्पे केले. प्रत्येक कप्प्यातलं गवत फार तर त्या कप्प्यातच बसणार, खालपर्यंत जाणार नाही. पट्टी नाही, खडू नाही. तळहातानं थोपटायचा, मान तिरपी करून बघायचा आणि सुई घालायचा. आम्ही ते कूलरला लावून दिवसभर पाणी सोडलं. संध्याकाळी वर फट नव्हती. मी फिटरला मिठी मारली, कारण रफीकभाईला मारायची तर कमरेची भीती होती.

नमुना सासरी गेला. चिठ्ठी पुन्हा शांताबाईचीच निघाली. चिठ्ठ्यांच्या घड्या तिनं घातल्या होत्या, तिथं तिनं काय केलं ते मला आजही माहीत नाही. दहा दिवसांनी कँटीनमध्ये तिनं चहाचा ग्लास दोन घोटांत रिकामा केला. "पास," ती म्हणाली. "दोन कळशात दिस निघतो. पोरं आंघोळ करून शाळंत जातेत. आता ह्यो माझ्या घरीच राहणार." पास झालेला नमुना त्याच घरी ठेवायची आमच्यात रीत होती.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पुढचं सांगताना अजून जड जातं.

हाताचं काम कारखान्यात उतरवायचं तर नकाशा लागतो. माप असल्याशिवाय दहा जणांचे दहा टाके पडणार. मी रफीकभाईच्या शिलाईवर पट्टी लावली. वरचे टाके जवळ जवळ, घट्ट. खाली येता येता ते लांब आणि सैल होत गेलेले. मला वाटलं, हातकाम आहे, वरून सुरुवात करताना जोर असतो, खाली हात थकतो. मी ते "दुरुस्त" केलं. सगळे टाके सारख्या अंतरावर, सारख्या ताणाचे. कागदावर चौकटींची रांग इतकी देखणी दिसत होती की मी ती मालकांना दाखवायला नेली. रफीकभाईलाही दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि "ठीक है साहब" म्हणाला.

हंगाम तोंडावर होता. नकाशाप्रमाणे केलेला नग पुन्हा सासरी पाठवायला हवा होता. मी म्हटलं, तोच तर कूलर आहे, दहा दिवस कशाला घालवायचे? दोनशे कूलर बाजारात गेले.

ऊन तापलं आणि कूलर परत यायला लागले. दुकानदारांच्या दोन तक्रारी: वरून झळ येते, आणि पुढून पाणी घरात उडतं. माल पाठवण्याच्या प्रमुखांनी सगळ्यांदेखत निकाल देऊन टाकला. "हमालाच्या हातात शिवणकाम दिल्यावर दुसरं काय व्हायचं?" दुपारपर्यंत कारखानाभर एकच बोलणं, गादीवाल्याच्या टाक्यानं घात केला. रफीकभाई स्टुलावर बसून होता. त्याचा उन्हाळा अजून अर्धाही झाला नव्हता.

मी एक परत आलेला कूलर उघडला. दोन मिनिटांत सगळं दिसलं. पन्हळीचं पाणी वरच्या भागावर पडतं, तिथं गवताला सतत मार बसतो, म्हणून तिथं टाके दाट हवेत. खाली तेवढे टाके नकोत, कारण पाणी दोऱ्याच्या आधारानं वाहत येऊन आतल्या बाजूला ठिबकतं आणि पंखा ते घरात उडवतो. रफीकभाईचा हात थकला नव्हता. त्याच्या हाताला ठाऊक होतं. घात त्या टाक्यानं नव्हे, माझ्या नकाशानं केला होता.

मी कूलर बंद केला आणि जेवायला गेलो. भेंडीची भाजी होती, अजून आठवते. दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. विचार करतोय, तपास चालू आहे, असं सांगत राहिलो. दोन दिवस माझ्या खोलीत, माझ्यापासून सहा फुटांवर, एक माणूस माझी चूक अंगावर घेऊन लेबलं चिकटवत होता, आणि मी त्याच्याकडं बघणं टाळत होतो. आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, पण लाज वाटते ती त्या दोन दिवसांची.

शनिवारी कँटीनच्या दारात टेम्पो थांबला. शांताबाईनं आपल्या घरचा कूलर आणला होता. तिनं तो परत आलेल्या कूलरशेजारी ठेवायला लावला, दोन्हींच्या जाळ्या काढून भिंतीला टेकवल्या आणि चहाचा ग्लास हातात घेतला.

"ह्यो माझ्या घरचा. ह्यो रफीकभाईनं शिवला. बगा, वर दाट, खाली इरळ. अन् ह्यो तुमचा, बाजारातला. समदा सारखा, वहीतल्या रेघांवानी. ह्यो टाका रफीकभाईचा नाय. मंग कुणाचा हाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चहा संपेपर्यंत साहेबानं बोलायचं नाही, आणि त्या दिवशी मला तो नियम अगदी सोयीचा वाटत होता. शांताबाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, तो गरम चहा तसाच एका दमात घशाखाली ओतला आणि ग्लास माझ्यापुढं टेबलावर आपटला.

"संपला. आता बोला, सायेब."

मी उभा राहिलो. म्हटलं, टाका माझा आहे. रफीकभाईनं बरोबर शिवलं होतं, मी नकाशात बिघडवलं. मला परवापासून माहीत आहे.

मी रफीकभाईकडं वळलो. "तुम्हाला नकाशा दाखवला होता. चूक दिसली होती ना? मग बोलला का नाहीत?"

"दिखी थी साहब," तो म्हणाला. "पन नक्शा कागज पे था, उसपे आपकी सही थी. सही के ऊपर मैं क्या बोलूँ?"

मालकांनी त्या दिवशी मला शिक्षा केली नाही. त्यांनी त्याहून अवघड गोष्ट केली. सोमवारी जोडणीची ओळ बंद ठेवली, पॅकिंगच्या शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या आणि साहेबापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना सुई दिली. मध्ये स्टुलावर रफीकभाई. बाजारातून परत मागवलेल्या दोनशे कूलरांच्या तीन तीन बाजू उसवून पुन्हा शिवायच्या होत्या, आणि उन्हाळा थांबणार नव्हता. हिशेबनिसांच्या बोटांना पहिल्याच तासात तीनदा सुई टोचली, त्यांना दोरा ओवायला बसवलं. गेटवरचा पहारेकरी मेंढरं राखणाऱ्या घरातला होता. घोंगडीच्या काठाला दाभण घालायची सवय असलेला त्याचा हात इतका सफाईनं चालायला लागला की दुपारनंतर रफीकभाईनं त्याला अर्ध्या शेडचा मुकादम केलं. गेटवर मग हिशेबनीस बसले. कुणाचा हुद्दा काय, हे आठ दिवस कुणी विचारलं नाही. हात कुणाचा कशात चालतो, एवढंच बघितलं गेलं.

तिसऱ्या दिवशी मालकांनी शिवलेली एक जाळी रफीकभाईनं उजेडात धरली, थोपटली आणि परत त्यांच्या पुढ्यात ठेवली. "मालिक, ये खोलो. फिरसे." मालकांनी मुकाट्यानं उसवली. बायका पदराआड हसत होत्या. मीही शिवत होतो. माझ्या जाळ्या त्यानं पाच वेळा परत केल्या, आणि दर वेळी इतक्या अदबीनं की त्या अदबीपेक्षा शिवी बरी वाटली असती. सहावी त्यानं ठेवून घेतली. डिप्लोमाच्या निकालानंतर एवढा आनंद मला झाला नव्हता.

आठ दिवसांत सगळे कूलर परत गेले. त्या उन्हाळ्यात आम्ही तरलो. शिलाईचा वेगळा विभाग निघाला, सहा माणसं, वर रफीकभाई. पावसाळा आला तरी त्याच्या जागेबद्दल कुणी काही बोललं नाही. न बोलणं म्हणजेच आमच्याकडं पक्कं होणं होतं. नकाशा त्यानं सांगितला तसा मी पुन्हा काढला. मी रेघ मारायचो आणि तो शेजारी उभा राहून "और थोडा ऊपर" म्हणायचा. आम्ही डबा एकत्र खायला लागलो. ईदला त्याच्या घरचा शीरखुर्मा आणि दिवाळीला माझ्या घरच्या करंज्या, असं चालू झालं. त्याच्या दोन मुलींच्या लग्नांत मी जेवण वाढलं आहे.

काही वर्षांनी बाजारात जाड कागदाच्या नव्या जाळ्या आल्या. मधाच्या पोळ्यासारखी भोकं असलेल्या. गवत नाही, शिलाई नाही, कंपनीतून कापून येते, बसवली की झालं. मालकांनी मला एक नग दिला. "आपल्या शिलाईच्या जाळीशी लावून बघ. चांगली असेल तर घेऊ."

मला ती चांगली असायला नको होती. ती आली तर शिलाई विभाग बंद, आणि रफीकभाई पुन्हा स्टुलावर. तिसऱ्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. मी दोन सारखे कूलर घेतले, एकात नवी जाळी, एकात त्याची. चाचणीच्या खोलीची पश्चिमेची भिंत पत्र्याची होती, दुपारी तिला हात लावता यायचा नाही. नव्या जाळीचा कूलर मी पाठीनं त्या भिंतीला लावला. कूलर मागून जी हवा ओढतो तीच तापलेली असेल तर पुढून गार कशी येणार? शिलाईचा कूलर मी सावलीच्या भिंतीला ठेवला. आकडे हवे तसे आले. मी ते कागदावर सुबक उतरवले आणि खाली सही केली.

रफीकभाई मला बोलवायला आला होता, डबा खायला. त्यानं दोन्ही कूलर पाहिले, पत्र्याच्या भिंतीकडं पाहिलं.

"साहब, दोनों कू एकीच दीवार पे लगाओ."

"कशाला? आकडे आलेत की."

"वो दीवार तपती है. आपकू बी मालूम है."

मी दार लोटून घेतलं. "रफीकभाई, हा कागद गेला नाही तर तुमचा विभाग बंद होईल. कळतंय ना?"

"हौ. मालूम." तो कमरेवर हात ठेवून उभा होता. "पन ये कूलर लोगों के घर जाएँगा. उधर दीवार कौन बदलेंगा?"

मला त्याचा राग आला. खरंच आला. मी इतकी वर्षं जपलेला माणूस माझ्याच हातानं वाचत होता, आणि तो वाचायला तयार नव्हता. फिटरला बोलावून आम्ही दोन्ही कूलर सावलीच्या भिंतीला शेजारी शेजारी लावले. तासाभरानं रफीकभाईनं आधी आपल्या जाळीसमोर तळहात धरला, मग नव्या जाळीसमोर. तिथं जास्त वेळ धरला. टाकीत काठी घालून पाणी पाहिलं.

"ये अच्छा है," तो म्हणाला. "पानी बी कम पीता." आणि डबा उघडायला बसला. मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी मी नवे आकडे दुसऱ्या कागदावर उतरवले, कोणता कूलर कोणत्या भिंतीला होता तेही लिहिलं आणि दोन्ही कागद मालकांपुढं ठेवले. मालकांनी दोन्ही वाचले.

"भिंत कुणी बदलायला लावली?"

"रफीकभाईनं."

"आणि आधी कूलर तसे कुणी ठेवले होते?"

"मी."

मालक म्हणाले, "आपल्याकडं तपासणीचा माणूस कोण आहे मग? तू की तो?" त्यांनी बेल वाजवून रफीकभाईला बोलावलं. शिलाईचा विभाग बंद करावा लागेल, हे त्याला समोर बसवून सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग त्यांनी दुसरा कागद, खऱ्या आकड्यांचा, त्याच्यापुढं सरकवला. त्या कागदाच्या तळाशी "तपासणारा" असा रकाना असतो. तोवर तिथं नेहमी माझी सही असायची.

"आजपासून इथं तुझी सही," मालक म्हणाले. "तुझी नसेल तर नमुना बाहेर जाणार नाही."

रफीकभाईला सही मराठीत येत नव्हती, इंग्रजीतही नाही. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि सावकाश, उजवीकडून डावीकडं, उर्दूत आपलं पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. मग तो कागद माझ्या हातात देत म्हणाला,

"साहब, पढ के देखो. कुछ गलत होएँगा तो बोलना. मेरी सही है करके चुप नक्को बैठना."